मालननं कालवलेला समुद्र

विश्राम कुबल हा सुखी माणूस आहे, हे एमआयडीसीच्या पाठीमागच्या त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. सकाळी साडेपाचला उठायचा, चहाचा कप घेऊन गच्चीवर जायचा आणि पोस्टकार्डाएवढ्या कागदावर समुद्र काढायचा. कधी होडी, कधी वाळत टाकलेलं जाळं, कधी नुसतीच लाट. शुक्रवारी बाजारातून बर्फातले बांगडे आणले तर ते आधी परातीत मांडून त्यांचं चित्र व्हायचं, मगच ते चुलीकडं जायचे. तोवर माशाला वास सुटला तरी चालेल. उन्हाळ्यात पारा त्रेचाळीसवर गेला की ओला पंचा डोक्यावर टाकून हा गुणगुणत बसलेला. शेजारच्या केराबाई त्याच्या बायकोला, मालनला म्हणायच्या, "तुझा दादला न्हाय, साधू हाय गं. कशानं बी खूश होतो."

मालन हसायची. तिला त्या हसण्याची सवय झाली होती.

ती मूळची करकंबची. सतराव्या वर्षी पहिलं लग्न झालं, वर्षाच्या आत नवऱ्यानं आणून सोडलं. कारण कुणी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. मग थोरला भाऊ आबासाहेब तिला सोलापूरला घेऊन आला. तो अक्कलकोट रोडच्या एका चादरीच्या कारखान्यात माग चालवायचा. मालनला त्यानं तिथंच टॉवेलाच्या कडा शिवायला बसवली. त्याच कारखान्यात वेंगुर्ल्याचा एक सडाफटिंग पोरगा डिझाइनचं काम करायचा. चौकटीच्या कागदावर एकेक घर भरून तो चादरीवरची नक्षी काढायचा. मालक सिद्धलिंगप्पा शेठ त्याच्यावर फार खूश. "ह्या कोकण्याच्या हातात जादू अदा," असं अर्ध्या कानडीत गिऱ्हाइकांना सांगायचे.

विश्रामनं स्वतःहून मागणी घातली. आबासाहेबाला आभाळ ठेंगणं झालं. टाकलेल्या बहिणीला कुणी मागणी घालतंय, तेही हुंडा न घेता! लग्नाच्या दिवशी त्यानं मालनला बाजूला घेऊन सांगितलं, "त्यानं तुला पदरात घेतलीया. हे इसरू नगंस."

तिनं ते कधीच विसरू दिलं नाही स्वतःला.

लग्नाला महिनासुद्धा झाला नव्हता. विश्राम गच्चीत चित्र काढत होता आणि मालन मिरच्या वाळत घालत होती. तिनं सहज वाकून पाहिलं. समुद्राकाठी आंब्याचं झाड होतं, डवरलेलं. पानं मात्र सगळी तपकिरी.

"अवो, झाड वाळल्यालं काढलंय व्हय?"

विश्रामचा चेहरा उतरला. त्यानं कुंचला खाली ठेवला. कुणी बघत नाही ना असं इकडंतिकडं पाहून म्हणाला, "कुठला रंग आहे तो?"

"तांबूस हाय की. शेणकुटाच्या राखंत माती मिसळल्यावानी."

मग त्यानं सांगितलं. त्याला हिरवा आणि तपकिरी वेगळा दिसत नाही. तांबडा काळपट दिसतो, जांभळा निळ्यात मिसळतो. निळा आणि पिवळा तेवढा त्याचा स्वतःचा. अठराव्या वर्षी बोटीवर नोकरीला गेला होता, तिथं ठिपक्यांचं पुस्तक पुढं ठेवून आकडे वाचायला सांगितले. त्याला नुसते ठिपकेच दिसले. तिथून हाकलल्यावर तो घाट चढून वर आला तो आलाच. कारखान्यात सुताला नंबर असतात, नंबर वाचून त्याचं भागत होतं.

"शेठना कळलं तर मला उद्या रस्त्यावर आणतील. रंग न कळणारा डिझाइनवाला कोण ठेवील? कुणाला सांगू नको, मालन. आबासाहेबालासुद्धा नाही. शपथ घे."

तिनं शपथ घेतली. आणि खरं सांगायचं तर त्या सकाळी तिला जो आनंद झाला, तसा लग्नाच्या दिवशीही झाला नव्हता. आपण कुणाच्या तरी उपयोगाच्या आहोत, आपल्यावाचून एका माणसाचं अडणार आहे, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

तेव्हापासून पहाटेचा अर्धा तास दोघांचा झाला. तो काय हवं ते सांगायचा आणि ती रंग कालवायची. तिच्याजवळ रंगांची नावं नव्हती, करकंबची शेतं होती. "ह्यो हरभऱ्याच्या कवळ्या घाट्यावानी झालाय, चालंल का?" किंवा "आता ह्यो वांग्याच्या सालीगत दिसाय लागलाय, थांबा." विश्राम म्हणायचा, "कोकणातला समुद्र निळा नसतो गो. कॅलेंडरवाले काढतात निळा. तो हिरवा असतो, शेवाळी, आत खोल गेला की काळसर. आई म्हणायची तसं." म्हणजे त्याचं तरी पाहिलेलं कुठं होतं? ऐकलेलंच. त्याच्या आईच्या शब्दातला हिरवा मालन आपल्या डोळ्यांनी शोधायची आणि कागदावर समुद्र व्हायचा.

मालननं मात्र समुद्र पाहिला नव्हता.

एकदा गेली होती, अगदी जवळपर्यंत. लग्नाच्या पहिल्याच वर्षी दोघं एसटीनं वेंगुर्ल्याला गेले. स्टँडवर विश्रामचा मोठा भाऊ उभा होता. त्यानं तिच्याकडं पाहिलंही नाही. "आई म्हणता, दुसऱ्यान सोडलेली सून घरात नको," एवढं विश्रामला ऐकवून तो सायकलवर टांग टाकून निघून गेला. परतीच्या गाडीला तीन तास होते. मालन बाकावर बसली होती, डोळे कोरडे ठेवून. विश्रामनं बॅग तिच्या पायाशी ठेवली. मग म्हणाला, "इतक्या लांब आलोच आहे तर जरा पाणी बघून येतो. तू बॅग सांभाळ."

दोन तासांनी आला तेव्हा त्याची पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली होती. पायाला वाळू होती. चेहरा असा उजळलेला, की मघाशी काही घडलंच नव्हतं. "काय भरती होती गो! तू बघायला हवी होतीस." परतीच्या गाडीत त्यानं सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर लाटा काढल्या आणि मालनच्या खांद्यावर डोकं टेकून गाढ झोपला. ती कोल्हापूरपर्यंत जागी होती.

पुढं लेक झाली, अपेक्षा. लेकीला बापाचं वेड. बाप तिला कागदाच्या होड्या करून देई, चादरीवरच्या नक्षीत खेकडा कुठं लपवलाय ते शोधायला लावी. आई मात्र कायम कामात, कायम ओरडणारी. मालन दिवसभर टॉवेल शिवायची, आल्यावर घर, आणि त्याचा समुद्र चालू राहावा म्हणून बाकीचं सगळं तीच ओढायची. छत गळत असलं तरी विश्रामला त्या ओलीचा आकार बेटासारखा दिसायचा. तो आकार बघण्यात त्याची संध्याकाळ जायची आणि छतावर डांबर घालायला मालन चढायची. अपेक्षा कॉलेजात असताना एकदा भांडणात म्हणालीच, "आई, पप्पा इतक्या साध्या गोष्टीत खूश असतात, ते तुला बघवत नाही. तुला खूश राहताच येत नाही." खरं काय ते मालनला सांगता आलं असतं. शपथ आडवी आली.

विश्राम रिटायर झाला. कारखान्यात संगणक आले होते. सिद्धलिंगप्पा शेठ वारले होते. अपेक्षा पुण्याला नोकरीला लागली. असेच दिवस गेले असते. पण गेल्या वर्षी पायल नावाची एक मुलगी दारात आली. ती चित्रकलेच्या कॉलेजात शिकवायची आणि जुन्या चादरींच्या डिझाइनची माहिती गोळा करत होती. विश्रामनं तिला ट्रंकेतली पोस्टकार्डं दाखवली. हजारोंनी असतील. मुलगी जमिनीवर बसकण मारून दोन तास बघत राहिली.

"सर, हे तुम्ही रोज करता? कुणाला न दाखवता?"

"मला आनंद होतो म्हणून करतो," विश्राम म्हणाला.

ते वाक्य पायलनं मोबाइलवर टाकलं, चित्रांसकट. महिन्याभरात लांबलांबच्या लोकांचे फोन यायला लागले. 'रोजच्या छोट्या आनंदांचा चित्रकार' असं कुणीतरी नाव दिलं आणि ते चिकटलं. मग शहरात एका हॉलमध्ये प्रदर्शन ठरलं. मालननं इरकल नेसली. तिसऱ्या रांगेत तिला जागा होती, कारण पहिल्या दोन रांगा पाहुण्यांना होत्या.

प्रश्नोत्तरांच्या वेळी मागून एका बाईंनी विचारलं, "सोलापुरात बसून तुम्हाला समुद्राचे इतके खरे रंग आठवतात कसे?"

मालन खुर्चीच्या कडेवर पुढं सरकली. आता तर सांगेल. आता काय भीती होती? कारखाना नव्हता, शेठ नव्हते. साठी उलटली होती.

विश्रामनं माइक जवळ घेतला. "रंग आठवावे लागत नाहीत. किनाऱ्यावर जन्मलेल्या माणसाच्या डोळ्यांतच ते असतात. कुणी सांगावे लागत नाहीत."

टाळ्या पडल्या. मग त्यानं आभार मानले. आईचे, समुद्राचे, शेठचे, पायलचे. शेवटी म्हणाला, "आणि आमची मालन. हिनं कधी तक्रार केली नाही." पुन्हा टाळ्या. शेजारच्या बाईंनी मालनचा हात दाबला आणि म्हणाल्या, "नशीबवान आहात हो."

रिक्षातून घरी येताना विश्रामनं विचारलं, "बरा बोललो ना?"

"लई बरं बोललासा," मालन म्हणाली.

प्रदर्शनाला जेऊरकडचे एक उदयसिंह आले होते. त्यांचं शहराबाहेर नवं हॉटेल होत होतं. त्यांना आत शिरल्याशिरल्या दिसेल असा भिंतभर समुद्र हवा होता. विश्राम हरखला. एवढं मोठं चित्र त्यानं जन्मात काढलं नव्हतं. पुढच्या खोलीतलं सामान हलवून कॅनव्हास उभा केला. रंग मोठ्या मापानं लागणार होता, म्हणून मालननं तो श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत कालवला आणि नेहमीसारख्या चिठ्ठ्या लावल्या. खोल पाणी. उथळ पाणी. ओली वाळू. कोरडी वाळू. आकाश त्याचं तो करणार होता.

चिठ्ठ्या लावता लावता तिचा हात थांबला. तिनं आधीपासून काही ठरवलं नव्हतं, हे तिनं नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पण हात थांबला तो थांबलाच. पाण्याच्या दोन्ही चिठ्ठ्या तिनं मातकट डब्यांना लावल्या आणि वाळूच्या हिरव्या डब्यांना. 'खोल पाणी' म्हटलेल्या डब्यात थोडं काळंही टाकलं, करकंबच्या नांगरलेल्या रानाचा रंग येईपर्यंत.

विश्राम आठ दिवस रंगवत होता. गुणगुणत. मधेच मागं सरून डोळे बारीक करून बघायचा आणि मान डोलवायचा. मालन चहा आणून द्यायची आणि बघायची. भिंतभर मातीच्या लाटा उठत होत्या, आणि काठाला हिरवीगार, ज्वारीच्या कोवळ्या पिकासारखी वाळू. रोज सकाळी तिला वाटायचं, आता सांगावं. तो वळून म्हणायचा, "काय लाट जमली आहे बघ!" आणि ती रिकामा कप उचलून आत जायची. रात्रीचं जेवण जात नव्हतं तिला. एवढं वाईट आपण कुणाशी वागू शकतो, हे तिला माहीत नव्हतं. आणि त्यात गोडीही होती, तीही माहीत नव्हती.

नवव्या दिवशी पायल बघायला आली. दारातच थबकली. मालन स्वयंपाकघराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"सर..." पायल म्हणाली, "समुद्र मातीचा?"

विश्रामनं पायलच्या चेहऱ्याकडं पाहिलं. मग मालनकडं. एकच क्षण. त्या क्षणात त्याला सगळं कळलं, हे मालननं ओळखलं. चौतीस वर्षांचा संसार होता, तेवढं तर कळणारच. आता हा कोसळेल, ओरडेल, पायलसमोर सांगून टाकेल. काहीही झालं असतं तरी तिला चाललं असतं.

विश्रामनं हातातला कुंचला फडक्याला पुसला. अगदी सावकाश. म्हणाला, "अर्धं आयुष्य सोलापुरात गेलं, पायल. माझा समुद्र आता मातीचाच झाला आहे. आणि वाळूत पीक आलं आहे."

पायलच्या डोळ्यांत पाणी आलं.

चित्र हॉटेलात लागलं. वर्तमानपत्रात फोटो आला. कोकण आणि माणदेशाकडच्या मातीचं नातं वगैरे कुणीतरी लिहिलं. उदयसिंहांनी विश्रामला खांद्याला धरून पाहुण्यांपुढं फिरवलं, आणि विश्राम प्रत्येकाला तेच वाक्य सांगत गेला. चौथ्यांदा सांगताना त्याचा स्वतःचाच त्याच्यावर विश्वास बसला होता.

घरी आल्यावर मालन म्हणाली, "चिठ्ठ्या म्या मुद्दाम बदलल्या हुत्या."

"माहीत आहे."

"मग?"

"मग काय? चांगलंच झालं की. लोकांना आवडलं." तो पायातले मोजे काढत होता. "फक्त पुढच्या वेळेला आधी सांग म्हणजे झालं."

ती वाट बघत उभी राहिली. का केलंस, एवढं त्यानं विचारावं. एवढंच. त्यानं पंखा वाढवला आणि उशीवर डोकं टेकलं. थोड्या वेळानं घोरायला लागला.

दिवाळीत अपेक्षा आली तेव्हा मालननं तिला सगळं सांगितलं. शपथ मोडायला तिला जड गेलं नाही. अपेक्षा ऐकत होती आणि तिचा चेहरा बदलत होता. मालनला वाटलं, आता ही आपला हात धरेल.

"पप्पांना रंगच दिसत नव्हते?" अपेक्षा म्हणाली. "आणि तरी त्यांनी हे सगळं काढलं? बाप रे! आणि तू काय केलंस आई? आंधळ्या माणसाला चुकीची वाट दाखवल्यासारखं झालं हे."

"ते आंधळे न्हाईत. मी दाखवत हुते की."

"तेच म्हणते मी. त्यांचा तुझ्यावर विश्वास होता."

मालन उठून भाकरी थापायला गेली.

दुसऱ्या दिवशी अपेक्षानं बापाच्या मोबाइलवर एक अॅप घालून दिलं. कॅमेरा रंगावर धरला की मोबाइल बोलून नाव सांगतो. विश्राम लहान मुलासारखा घरभर फिरला. पडद्यावर धरला, लोणच्याच्या बरणीवर धरला, मालनच्या लुगड्यावर धरला. एका बाईचा आवाज नावं सांगत होता, न चुकता, न कंटाळता. "बघ गो, किती सोपं झालं," तो मालनला म्हणाला. "इतकी वर्षं तुला उगाच त्रास दिला."

त्रास. पहाटेचा तो अर्धा तास त्याच्या लेखी त्रास होता, तिला दिलेला. हे तो माया म्हणून बोलला होता, हेही तिला कळलं. त्यामुळं भांडायलाही जागा उरली नाही.

माघात ती आबासाहेबाकडं करकंबला गेली, भाच्याच्या लग्नाला; तो रिटायर होऊन गावी परतला होता. आठ दिवसांसाठी गेलेली महिनाभर राहिली. विश्रामचा फोन यायचा. तो खुशाल होता. खानावळीतली आमटी बरी असते म्हणाला, कडक भाकरी चुरून खातो म्हणाला, मोबाइलवरून रंग कालवायला शिकलोय म्हणाला. कधी येतेस, हे दोनदा विचारलं आणि उत्तराची घाई केली नाही. महिन्यानं भावजय चुलीपुढं भावाला म्हणाली, "वन्स आता हितंच ऱ्हाणार जणू." मालननं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी एसटी पकडली.

आता ती पुन्हा एका शिलाईच्या कारखान्यात जाते, सहाच्या पाळीला, पहाटे पाचलाच निघून. गरज नाही, पण जाते. विश्राम गच्चीवर चहा घेऊन बसतो तेव्हा ती घराबाहेर पडलेली असते. तिथं टॉवेलांचे गठ्ठे येतात, ती कडा दुमडते, मशीन मारते. शेजारच्या मशीनवर बिबीजान म्हणून एक बाई बसते, नवी आलेली. परवा जेवणाच्या सुट्टीत डब्यातली शेंगाचटणी पुढं करत तिनं विचारलं, "तुमचं माणूस काय करतं, मावशी?"

"चित्रं काढत्यात."

"अय्यो, मग घरात लई मजा असंल की!"

"त्येंची असती," मालन म्हणाली, आणि भाकरीचा तुकडा मोडून चटणीला लावला.